जुनं चाक, नवा चकचकाट

चांदीच्या रंगाचं ॲल्युमिनियमचं चाक ओल्या वॉटर पेपरने घासायला घ्या, दोन मिनिटांत बोटं काळी होतात. ग्रीस आधीच पुसलेलं, माती आधीच धुतलेली, तरी पाणी काळंच उतरतं. मळ निघतोय असं वाटून माणूस आणखी जोर लावतो आणि पाणी आणखी काळं होतं. तो मळ नसतोच, ते चाकच असतं. धातूचे कण इतके बारीक सुटलेले असतात की त्यांच्यावर पडलेला प्रकाश बाहेर यायच्या आधी कणाकणांत आपटून जिरून जातो. अखंड धातू लखलखतो आणि त्याचीच पूड काळी दिसते. म्हणून स्वच्छ पाण्याची वाट बघत घासत बसू नका. पाणी स्वच्छ होणार नाही, चाक मात्र झिजत राहील.

रेसच्या गाडीची किंवा हौसेने बदललेली जुनी अलॉय चाकं घरी आणून पुन्हा चमकवता येतात. त्याला फार मोठं गॅरेज लागत नाही. अंगण, पाण्याची बादली, कागदांचे सहा-सात नंबर आणि भरपूर चिकाटी एवढं पुरतं. या कामाभोवती इतक्या मजेदार गोष्टी गुंफलेल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी आपल्या जुन्नर-आंबेगावातच सापडतात, की त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी घाट, मग गॅरेज

आपल्याकडे ‘शर्यतीचं चाक’ म्हटलं की अलॉय नंतर, आधी बैलगाडा आठवतो. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. चार बैल, त्यांच्यापुढे उधळलेली घोडी, गाड्यावर हाकणारा कुणीच नाही आणि सगळी बारी अकरा-बारा सेकंदांत आटोपलेली. नागापूरच्या थापलिंग खंडोबाच्या यात्रेत पौष पौर्णिमेला हे बघायला माणूस लोटतो. शर्यतीचा गाडा ओझ्याच्या बैलगाडीपेक्षा पुष्कळ हलका असतो, कारण तो हलका असला तरच बैल सुटतात. रेसच्या मोटारीला हलकी चाकं लागतात ती याच हिशोबाने.

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रात त्या पुन्हा भरवायला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. एवढी वर्षं उभं राहिलेलं लाकडी चाक नुसतं उभं राहूनही बिघडतं. उन्हाने लाकूड सुकतं, आक्रसतं, आरे तुंब्यात खुळखुळायला लागतात आणि वरची लोखंडी धाव ढिली होते. जुनी माणसं अशी चाकं पाण्यात भिजत घालत. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट बसे.

धाव चढवण्याची पद्धत तर प्रत्येक पोराने एकदा बघावी अशी. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात आणि गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतात. एक मीटर व्यासाची धाव 500 अंशांनी तापली की तिचा व्यास सहाएक मिलिमीटरने वाढतो. तेवढ्या जागेत ती चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा फणकारा उठतो, धाव आवळते आणि सगळे आरे एका दमात घट्ट होतात. खिळा नाही, डिंक नाही, नुसती उष्णता.

टक्‌ की टण्ण?

चाक नीट आहे का हे कानाने ओळखायची विद्या जुनी आहे. धाव ढिली असली की हातोडीच्या टोल्याला बद्द आवाज येतो, घट्ट असली की खणखणीत. रेल्वेतही फलाटावर गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन माणूस चाकांवर टोले मारत जायचा, तो याचसाठी. अलॉय चाकाला टायर काढून, दोरीला टांगून हलका टोला दिला तर तेही छान वाजतं. पण निव्वळ कानावर विसंबू नका. बारीक तडा आवाज न बदलता लपून बसू शकतो.

जुन्या रेसच्या चाकाबद्दल तर जास्तच संशय धरावा, आणि त्याला पक्कं कारण आहे. पोलादावर ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी पोलाद थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. लहानसा ताणही पुरेशा वेळा आला तर त्याला तडा जाऊ शकतो. आता हिशोब करा. टायरसकट चाकाचा घेर दोन मीटर धरला तर किलोमीटरला 500 फेरे झाले. नारायणगाव ते पुणे 75 किलोमीटर म्हटलं की एका खेपेला 37,500 फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक आऱ्यावर ताण चढतो नि उतरतो. त्यात खड्डे धरलेलेच नाहीत.

तडा शोधायची भरवशाची युक्ती लाल रंगाची आहे. तीन स्प्रे मिळतात: एक साफ करणारा, एक लाल रंगाचा, एक पांढऱ्या पुडीचा. चाक साफ करून लाल रंग फवारायचा, तो मुरू द्यायचा, वरचा पुसून घ्यायचा आणि पांढरी पूड मारायची. तडा असला तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो आणि केसाएवढी रेघ लालभडक दिसायला लागते. आऱ्याच्या मुळाशी, नटांच्या भोकांभोवती आणि आतल्या कडेला नीट बघा.

ही तपासणी पॉलिशच्या आधी करायची, हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा. ॲल्युमिनियम मऊ असतं. घासताना आणि बफ मारताना वरचा धातू पसरतो आणि तड्याचं तोंड लिंपलं जातं. मग लाल रंग आत शिरत नाही, चाक मात्र आरशासारखं दिसतं. चमकणारं धोक्याचं चाक हे मळक्या धोक्याच्या चाकापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर कुणी शंकाच घेत नाही. तडा दिसला तर वेल्डिंग करून ते पुन्हा रस्त्यावर आणू नका. त्याचं टीपॉय करा, भिंतीवरचं घड्याळ करा. घरात त्याला पुष्कळ मान मिळेल.

धाव तापवा, अलॉय नको

लोखंडाच्या धावेला जाळ लागतो, म्हणून वाकलेल्या अलॉयलाही गॅसची बत्ती लावून सरळ करू, असं सहज वाटतं. इथे मात्र जाळ घात करतो. पुष्कळ ओतीव चाकं ज्या मिश्रधातूची असतात त्यात ॲल्युमिनियमबरोबर सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि जेमतेम एक-तृतीयांश टक्का मॅग्नेशियम असतं. (दुकानात ‘मॅगव्हील’ म्हणून मागितलं तरी मिळतं ते बहुतेक ॲल्युमिनियमच.) ओतल्यावर ही चाकं साधारण 540 अंशांना तापवून पाण्यात विझवतात आणि मग दीडशे-पावणेदोनशे अंशांना काही तास मुरवतात. या मुरण्यातून धातूच्या आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि चाकाला खरी ताकद येते. घरच्या बत्तीने ते तापमान ओलांडलं की हेच कण मोठे होतात, विस्कटतात आणि चाक त्या जागी मऊ पडतं. वरून काहीही दिसत नाही.

हे मुरणं सापडलं कसं? आल्फ्रेड विल्म नावाचा जर्मन शास्त्रज्ञ 1906 च्या सुमारास तापवून विझवलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची कठीणता मोजत होता. एक नमुना मोजला आणि काही दिवसांनी पुन्हा मोजला, तर तो कुणीही हात न लावता जास्त कठीण झालेला. पोलाद तापवून विझवलं की तत्क्षणी कडक होतं. हा धातू मात्र सावकाश, पडल्या पडल्या कडक होत होता. त्यातूनच ड्युरॅल्युमिन आलं, आणि ड्युरॅल्युमिनमुळे विमानांची हाडं ॲल्युमिनियमची झाली.

एक चाक म्हणजे महिन्याचं वीजबिल

घराघरातली जर्मनची पातेली बघून वाटणार नाही, पण हा धातू एके काळी दागिन्यांच्या पंक्तीला बसायचा. 1884 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारकाच्या अगदी टोकावर मानाने बसवला तो ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड, वजन तीन किलोच्याही आत. आज एका मोटारीच्या चाकात त्याच्या तिप्पट धातू असतो.

दोनच वर्षांनी, 1886 मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न ओळखता विजेने ॲल्युमिनियम वेगळं करायची एकच पद्धत शोधली. दोघेही 1863 चे, आणि दोघेही 1914 मध्येच वारले.

ती पद्धत अजून चालते आणि विजेला प्रचंड भुकेली आहे. एक किलो धातूला चौदाएक युनिट लागतात. नऊ किलोच्या चाकात सव्वाशे युनिट वीज गोठलेली असते, म्हणजे एखाद्या लहान कुटुंबाची महिनाभराची. तोच धातू वितळवून पुन्हा वापरला तर त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. भंगारवाला अलॉयला वेगळा भाव देतो तो उगाच नाही. आणि न वितळवता, नुसतं घासून तेच चाक पुन्हा वापरात आणलं तर? त्याहून स्वस्त काहीच नाही. कच्चा मालही आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीच्या पठारावर बॉक्साइटच्या खाणी आहेत आणि तिथलं खनिज बेळगावच्या कारखान्यात जातं.

बुगाटीचे आठ आरे

रेसच्या मोटारीला ओतीव ॲल्युमिनियमची चाकं पहिल्यांदा नावारूपाला आणली ती एत्तोरे बुगाटीने. ऑगस्ट 1924, फ्रान्समधलं लिआँ, गाडी टाइप 35. आठ चपटे रुंद आरे आणि ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच एकसंध ओतलेला. चाक काढलं की ब्रेक समोर, म्हणजे टायर बदलता बदलता ब्रेकही बघून होतो. त्या दिवशीच्या शर्यतीत टायरांनी दगा दिला, बुगाटी हरला, पण चाकाची कल्पना राहिली. आज जुन्नरहून निघून शिक्रापूरपर्यंत गेलात तर शिरूर तालुक्यातल्या त्या गावात एन्केई या जपानी कंपनीचा अलॉय चाकांचा कारखाना आहे.

कासारांचं गाव

जुन्नरला धातूकामाचं कौतुक नवं नाही. आपल्या लेण्यांमधल्या एका ब्राह्मी लेखात कासाकारांच्या, म्हणजे काशाचं काम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. त्यांच्याकडे पैसे ठेव म्हणून ठेवायचे आणि व्याजातून दानधर्म चालवायचा, अशी व्यवस्था. म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी या गावात भांडी घडवणारे कारागीर इतके पतदार होते की लोक त्यांच्यावर बँकेसारखा विश्वास टाकत. धातू घासून बोटं काळी करणाऱ्या प्रत्येकाने शिवनेरीच्या पायथ्याशी ताठ मानेने बसावं.

गंजानेच गंज घासायचा

ॲल्युमिनियम गंजत नाही असं म्हणतात, पण खरं तर ते इतक्या झपाट्याने गंजतं की थांबून जातं. उघडा धातू हवेत आला की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा चढतो आणि आतल्या धातूला झाकून टाकतो. लोखंडाचा गंज पोपडे धरून सुटतो, हा मात्र घट्ट चिकटून राखण करतो.

मजा अशी की हेच ऑक्साइड स्फटिकरूपात असलं की कुरुंद, हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेल्या खनिजांपैकी एक. त्यात चिमूटभर क्रोमियम मिसळलं की माणिक होतं, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की नीलम. तपकिरी पॉलिश पेपरवर चिकटवलेले दाणे बहुतेक त्याच ऑक्साइडचे असतात, आणि शेवटी बफला लावायची पांढरी वडीही त्याचीच. (काळा वॉटर पेपर वेगळा, तो सहसा सिलिकॉन कार्बाइडचा.) म्हणजे ॲल्युमिनियमचं चाक आपण ॲल्युमिनियमच्याच ‘गंजाने’ घासतो. माणकाच्या भावंडांनी चाक चमकवायचं, याहून थाट काय हवा?

द्राक्षबागेतून आलेलं चाक

हा मुद्दा खास आपल्या भागातल्यांसाठी, आणि मला त्याची फार काळजी वाटते. नारायणगावच्या पट्ट्यात द्राक्षबागा आहेत आणि बाग म्हटली की बोर्डो मिश्रण आलंच: 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. फ्रान्समध्ये बोर्दोकडचे शेतकरी वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडत. त्या वेली रोगातून वाचल्या हे मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्याने ते जगापुढे मांडलं.

वेलीला अमृत ठरलेलं हे मिश्रण अलॉय चाकाला दोन्ही अंगांनी खातं. चुना ऑक्साइडचा राखणदार पापुद्राच विरघळवतो. मोरचुदातलं तांबं उघड्या धातूवर येऊन बसतं, त्याच्या बदल्यात ॲल्युमिनियम सुटून जातं आणि खड्डे पडतात. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असले तर हे आणखी वेगाने होतं. बागेत फवारणीला गेलेली पिकअप घरी आली की त्याच दिवशी साध्या पाण्याने चाकं धुवा. निळे-पांढरे डाग आठवडाभर राहिले तर मग कागदानेही पूर्ण निघत नाहीत. खड्डे खोल गेलेले असतात.

याच कारणाने स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी चाकापासून लांब ठेवा. एक राख. तांब्या-पितळेच्या भांड्यांना ती चालते, पण तिच्यात क्षार असतो आणि ॲल्युमिनियम तिने मलूल पडतं. दुसरा धुण्याचा सोडा. मोरी साफ करायच्या कॉस्टिक सोड्याचं तर नावच नको. त्यात ॲल्युमिनियम फसफसत विरघळतं आणि सुटणारा वायू हायड्रोजन असतो, ठिणगी पडली की पेट घेणारा. चिंच-लिंबाने जर्मनचं पातेलं उजळतं हे खरं, आणि चाकाच्या हलक्या डागालाही चालेल. पण लावा आणि लगेच धुवा.

काळपट तपकिरी ठिपके निघता निघत नसतील तर ते बहुधा ब्रेकचं लोखंड असतं. ब्रेक दाबला की लोखंडाचे गरम कण उडतात आणि चाकात रुततात. त्यासाठीचं द्रावण मारलं की पांढऱ्या चाकावरून जांभळे ओघळ वाहायला लागतात. द्रावण लोखंडाला धरतं तेव्हा हा रंग येतो. वास उग्र असतो, म्हणून हे काम उघड्यावर करा.

दोन आरसे, दोन तालुके

आता चमकेचं गणित. याची सगळ्यात सुंदर उदाहरणं आपल्या दोन तालुक्यांत आकाशाकडे तोंड करून उभी आहेत.

पृष्ठभाग आरसा कधी होतो? त्याच्यावरचे ओरखडे आणि भोकं येणाऱ्या लहरीपेक्षा खूप लहान असली की. मग लहरीला ती ‘दिसतच’ नाहीत, ती सरळ परावर्तित होते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जा. तिथल्या आणि आसपासच्या 30 रेडिओ दुर्बिणींच्या तबकड्या 45 मीटर व्यासाच्या आहेत, आणि त्या पत्र्याच्या नाहीत, तर बारीक स्टेनलेस तारेच्या जाळीच्या. जाळीची भोकं एक ते दोन सेंटीमीटरची. आरपार आभाळ दिसतं. पण या दुर्बिणी ज्या रेडिओ लहरी पकडतात त्या 21 सेंटीमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांब आहेत. त्यांच्या लेखी ती जाळी म्हणजे गुळगुळीत आरसा. या दुर्बिणी उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे हेरलं. वारा जाळीतून निघून जातो, तबकडी हलकी राहते, खर्च आटोक्यात येतो. जिथे ताण नाही तिथला धातू काढून टाकायचा, हे रेसच्या चाकाच्या आऱ्यांमध्येही चालतं.

दुसरा आरसा आंबेगाव तालुक्यात गिरवलीला. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण 2006 मध्ये तिथे सुरू झाली. ती डोळ्यांना दिसणारा प्रकाश पकडते, आणि त्याची लहर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इथे जाळी चालणार नाही. काच कमालीची गुळगुळीत हवी आणि तिच्यावर धातूचा पातळ मुलामा हवा. अशा दुर्बिणींना तो मुलामा सहसा ॲल्युमिनियमचाच देतात, कारण तो दृश्य प्रकाशाचा सुमारे 90 टक्के भाग परत फेकतो. थर किती? साधारण दशांश मायक्रॉन. हिशोब केला तर दोन मीटरच्या आरशावर एक ग्रॅमही ॲल्युमिनियम लागत नाही. ताऱ्यांचा सगळा उजेड गोळा करायला एक ग्रॅमही नाही!

आता हे अंगणात आणू. 400 नंबरच्या वॉटर पेपरचा दाणा साधारण 35 मायक्रॉनचा, 1000 चा 18, 2000 चा 10. दाण्याइतका ओरखडा पडत नाही, त्याहून बारीकच पडतो, पण अर्ध्या मायक्रॉनच्या प्रकाशासाठी तो अजूनही खोल चर आहे. म्हणून 2000 ने घासून झालं तरी चाक धुरकट दिसतं आणि माणूस हिरमुसतो. हिरमुसू नका. तिथून पुढचं काम पॉलिशचं, ज्याचे दाणे मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. ब्रासो, क्रीम किंवा बफची पांढरी वडी लावली की काही मिनिटांत तो धुरकटपणा फाटतो आणि स्वतःचा चेहरा दिसतो. ज्याने सहा कागद मन लावून मारले त्याला तो क्षण मिळतोच.

कागद बदलताना दोन नियम. पहिला, नंबर गाळू नका: 400, 600, 800, 1000, 1500, 2000. खोल खरचटलं असेल तर 220 किंवा 320 पासून सुरू करा. दुसरा, प्रत्येक कागदाला दिशा बदला. 400 ने आडवं घासलं तर 600 ने उभं. म्हणजे आधीच्या कागदाच्या रेघा वेगळ्या दिसतात आणि त्या पूर्ण गेल्या की पुढचा कागद घ्यायचा हे कळतं. कागदाखाली साबणाचं पाणी वाहतं ठेवा. दोन कागदांच्या मध्ये चाक आणि हात दोन्ही धुवा, कारण 400 चा एक चुकार दाणा 2000 च्या कागदाखाली आला तर तासाभराच्या मेहनतीवर पांढरी रेघ ओढून जातो.

लोखंडी काथ्या मात्र वापरू नका. त्याचे तुकडे मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पावसाळ्यात चाकावर तांबूस ठिपके उगवतात.

काळी पूड, पांढरी आग

ओलं घासायचं कारण नुसता सुबकपणा नाही. फटाक्यांतला लखलखीत पांढरा उजेड ॲल्युमिनियमच्या पुडीचाही असतो. ग्राइंडरने कोरडं घासून हवेत धूळ उडाली आणि शेजारी लोखंडाची ठिणगी पडली तर ती धूळ पेटू शकते. लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची पूड यांचं मिश्रण पेटवून तर रेल्वेचे रूळ जोडतात, इतकी त्यात आग असते. म्हणून ॲल्युमिनियमचा बफ वेगळा, लोखंडाचा वेगळा. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. फिरत्या बफपाशी हातमोजे, उपरणं, ओढणी, सैल बाही काहीही नको. बफ कापड पकडतो आणि पाठोपाठ हात ओढतो.

पॉलिशनंतरचे किडे

कंपनीतून आलेल्या बऱ्याच चाकांवर पारदर्शक लॅकर असतं. खडी उडून त्याला टवका गेला की आत ओल शिरते आणि लॅकरच्या खाली पांढऱ्या वळवळत्या रेघा चालायला लागतात. लाकडात कीड फिरल्याचा भास होतो, पण ती कीड नाही, धाग्याधाग्याने सरकणारा गंज आहे. लॅकर तसंच ठेवून वरून कितीही पॉलिश केलं तरी त्या रेघा हलत नाहीत. आधी रिमूव्हरने लॅकर पूर्ण उतरवावं लागतं.

आणि पॉलिश झाल्यावर पुन्हा लॅकर मारावं का? माझं मत नाही असं आहे. आरशासारख्या धातूला लॅकर नीट धरत नाही आणि एकदा पोपडे धरले की पहिल्यापासून सगळं करावं लागतं. त्यापेक्षा उघडा धातू ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी मेण लावा, पावसाळ्यात त्याहून लवकर. हाताला काम राहतं आणि दर खेपेला चाकाकडे बारकाईने बघणंही होतं. नवा तडा, नवी ठोकर, वाकलेली कड त्या वेळी सापडते.

बसवताना

बॅलन्सिंगची उघडी लोखंडी वजनं पॉलिश केलेल्या कडेवर ठोकू नका. दोन धातूंच्या मध्ये ओल राहिली की तिथलं ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. आतल्या बाजूला चिकटवायची वजनं मिळतात, टायरवाल्याला ती सांगा.

अलॉयचे नट लोखंडी चाकाच्या नटांपेक्षा वेगळे असू शकतात. काहींची बैठक निमुळती असते, काहींची गोल. चुकीचा नट मऊ ॲल्युमिनियमला चिरडतो आणि मग कधीच घट्ट राहत नाही. आवळताना एका पाठोपाठचे नट घेऊ नका. समोरासमोरचे घ्या, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत, म्हणजे चाक सरळ बसतं. ठोकून किंवा पान्यावर उभं राहून नव्हे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने. आणि नारायणगावहून पुण्याला एक चक्कर मारून आलात की चाक गार होऊ द्या आणि सगळे नट पुन्हा एकदा तपासा.